घरी भरलेलं काडतूस खरंच स्वस्त पडतं का? धरमतरच्या काठावरचा एक हिशोब

दरवर्षी भात दुधात आलं की आमच्या खारेपाटात दोन गोष्टी हमखास होतात. रानडुकरं शेतात उतरतात आणि बंदुकीच्या गप्पा वर येतात. कुणाच्या आजोबांनी एका बारात काय केलं, कुणाची नळी कशी फुटली, कुणाचा परवाना किती वर्षं तहसील आणि कलेक्टर ऑफिसच्या मध्ये लटकलाय, वगैरे वगैरे.

यंदा त्यात नवीन भर पडली. पेणच्या बाजारात चहा पिताना एका तरुण शेतकऱ्याने मोबाईलवर अमेरिकेतला व्हिडिओ दाखवला. एक माणूस गॅरेजमध्ये बसलाय, टेबलाला हाताचं छोटं यंत्र लावलंय. वापरलेलं काडतूस एका बाजूने घालतो, दांडा ओढतो आणि दुसऱ्या बाजूने भरलेलं काडतूस बाहेर. पोरगा म्हणाला, "दादा, आपण हे का नाही करत? काडतूस निम्म्यात पडेल." टेबलावरच्या चार जणांनी माना डोलावल्या.

प्रश्न चुकीचा नाही. महागाईत शेतकरी प्रत्येक गोष्ट घरी करून बघतो. बियाणं घरचं, खत घरचं, औषध घरचं. मग काडतूस का नको? पण उत्तराला चहा पुरला नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय. एक आधीच सांगतो. दारूचं माप, मिश्रण, भरायची कृती यातलं काहीही या पोस्टमध्ये मिळणार नाही आणि कमेंटमध्ये कुणी विचारूही नये. ही पोस्ट फक्त पैशांबद्दल आहे.

एका ओळीत उत्तर हवं असेल तर हे घ्या: आपल्यासारख्या शेतकऱ्याला घरी भरलेलं काडतूस स्वस्त पडत नाही. स्वस्त दिसतं, कारण उरलेला खर्च आपण दुसऱ्या वहीत लिहितो.

आधी सरळ बाजारभावाचा हिशोब

आपल्याकडे परवान्यावर काडतुसाची बंदूक असेल तर ती बहुतेक बारा बोअरची. (बारा हा आकडा कुठून आला? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या ओतल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी.) या काडतुसात पाच वस्तू असतात. बाहेरचं टरफल, बुडातली केप, दारू, मधला डाट आणि छर्रे.

बार उडाला की केप संपली, दारू संपली, डाट गेला, छर्रे गेले. हातात राहतं फक्त टरफल. म्हणजे पुन्हा भरताना फुकट मिळणारी वस्तू एकच, ती म्हणजे प्लास्टिकचं टरफल आणि त्याच्या बुडाची धातूची वाटी. बाकी चारही वस्तू विकतच आणायच्या आहेत.

त्यातली सगळ्यात जड वस्तू छर्रे. एका काडतुसात साधारण ३२ ग्रॅम छर्रे धरले तर एक किलोत ३१ काडतुसं होतात. शिसं कारखान्याला टनाच्या भावाने मिळतं, आपल्याला किलोच्या भावाने. केपांचं तेच, दारूचं तेच. कारखाना ज्या वस्तू घाऊक घेतो त्याच आपण किरकोळ घ्यायच्या आणि टरफलाचे चार पैसे वाचवले म्हणून खूश व्हायचं. जिलेबी घरी केली तर हलवायाची मजुरी वाचते हे खरं, पण तेल, मैदा, साखर सगळं छटाकभर आणलंत तर काय वाचलं ते बघा.

मग अमेरिकेतला तो माणूस मूर्ख आहे का? अजिबात नाही. तिथे घरी काडतूस भरणाऱ्यांचा खरा फायदा रायफलच्या काडतुसात असतो. त्याचं टरफल पितळेचं असतं, सगळ्या वस्तूंत तेच महाग असतं आणि नीट वापरलं तर पुन्हा पुन्हा भरता येतं. शिवाय रायफलवाल्याला आपल्या बंदुकीला मानवेल अशी गोळी हवी असते, त्यामुळे अचूकता वाढते. छर्‍यांच्या काडतुसांत मात्र तिथलेही जाणकार सांगतात की बाजारातली साधी काडतुसं इतकी स्वस्त आहेत की बचत जेमतेम.

दुसरी गोष्ट संख्येची. तिथे उडत्या तबकड्यांवर नेम धरणारा खेळाडू २५ तबकड्यांचा एक डाव खेळतो आणि एका दुपारी चार डाव सहज खेळतो. झाली १०० काडतुसं. वर्षभरात हजारोंचा हिशोब. एवढ्या संख्येवर यंत्राचे पैसे फिटतात.

आपल्याकडचा शेतकरी वर्षाला किती बार काढतो? परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं घ्यायची याचा आकडा लिहिलेला असतो. बहुतेकजण तेवढीही घेत नाहीत. समजा वर्षाला २५ बार काढले आणि समजा एका काडतुसामागे तब्बल २० रुपये वाचले. (हे दोन्ही आकडे मी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला.) वर्षाची बचत झाली ५०० रुपये. आता केप, दारू, छर्रे, डाट या चार वस्तू आणायला शहरातल्या दुकानाची एक खेप करा. गाडीभाडं, जेवण, एका दिवसाची बुडालेली मजुरी. ५०० रुपये वडखळच्या नाक्यापर्यंत पुरतात. यंत्राचे पैसे अजून धरलेलेच नाहीत.

कुणी म्हणेल, मग आपले नेमबाज काय करतात, त्यांना तर ढिगाने गोळ्या लागतात. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनला कांस्य मिळवलं. त्या प्रकारात .२२ ची गोळी वापरतात. तिच्यात वेगळी केप नसते, पेटणारा मसाला टरफलाच्या बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि घोड्याच्या माराने ती कड चेपते. ती गोळी घरी पुन्हा भरायची सोय व्यवहारात नाहीच. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गोळ्या लागतात त्यालाही हा मार्ग बंद आहे. त्याला लागतो तो पाठिंबा: संघटनेचा, नोकरीचा, सरकारचा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कायद्याची वही

शस्त्र कायदा १९५९ चा. त्यातलं कलम ३ बंदूक बाळगण्याच्या परवान्याबद्दल आहे. कलम ५ वेगळं आहे. शस्त्र किंवा दारूगोळा बनवायला, विकायला, दुरुस्त करायला स्वतंत्र परवाना लागतो असं ते सांगतं. आपल्या खिशात असतो तो बाळगण्याचा. घरात बसून रिकामी काडतुसं भरायला घेतली आणि उद्या कुणी तक्रार केली, तर पोलीस ठाण्यात ते "बनवणं" या शब्दात बसवायला फार वेळ लागणार नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र वा दारूगोळा बनवण्याची शिक्षा कमीत कमी ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. वर्षाला ५०० रुपये वाचवायला ही जोखीम? सावकारसुद्धा एवढं व्याज लावत नाही.

अजून एक गंमत. याच कायद्याच्या कलम २ मध्ये दारूगोळ्याची व्याख्या आहे. त्यात काडतुसाचे भाग येतातच, पण काडतूस बनवायचं यंत्रही येतं. म्हणजे तो व्हिडिओतला टेबलावरचा दांडा ऑनलाइन मागवून घरी ठेवला, तर कायद्याच्या भाषेत घरात नुसतं यंत्र नाही, दारूगोळाच आहे. कुरियरवाला ओटीपी मागेल, बाकीचे प्रश्न नंतर दुसरे लोक विचारतील.

आणि आपला जिल्हा कुठला ते विसरू नका. धरमतरची खाडी पुढे थेट मुंबई बंदराच्या पाण्याला मिळते. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतल्या स्फोटांआधी आरडीएक्स उतरलं ते याच रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला. त्यानंतर इथल्या पोलिसांनी दारू, केप, काडतूस या शब्दांकडे सहज बघावं ही अपेक्षाच चूक आहे. त्यांच्या जागी आपण असतो तरी हेच केलं असतं.

"पण आपण तर आधीपासूनच घरी भरतोय की"

बरोबर. हा मुद्दा रोह्याच्या आमच्या मामांनी काढला आणि इथे खरी गोष्ट सुरू होते.

कोकणात ज्याला शेती संरक्षणाचा परवाना म्हणतात त्यावर जास्त करून ठासणीची बंदूक असते. आमच्या घरातही तीच, परवाना आजोबांच्या नावावरून पुढे आलेला. नळीच्या तोंडातून दारू, मग डाट, मग छर्रे, गजाने ठासायचं, मागे केप बसवायची. ही बंदूक घरी भरायचीच बंदूक आहे. तिला तयार काडतूस लागतच नाही.

हे आपल्या गरिबीमुळे आपोआप झालं असं वाटतं, पण ते कायद्यात लिहिलेलं आहे. १९५९ च्या कायद्याचं कलम १३, पोटकलम ३ काढून वाचा. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, आणि पीक राखायला ठासणीची बंदूक. म्हणजे घर राखायचं असेल तर काडतुसाची चालेल, भात राखायचं असेल तर ठासा. जिथे ठासणीची बंदूक पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटेल तिथे दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते, अशी सवलत तिथेच पुढे आहे. ती सवलत मागायची असते हेच बहुतेकांना माहीत नाही.

आता ठासणीच्या बाराचा हिशोब बघा. काडतुसापेक्षा एक बार स्वस्त पडतो, हे मान्य. पण डुकरं येतात कधी? भाद्रपद–आश्विनात. तेव्हा आमच्याकडे हवेत पाणी इतकं असतं की मीठ बरणीत पाझरतं आणि काडेपेटी तीनदा घासावी लागते. काळी दारू दमट झाली की बार एक तर उडतच नाही, नाहीतर फुस्स करतो. चारातला एक जरी फुकट गेला तरी राहिलेल्या तिघांची किंमत वाढली. उडालेल्या दारूची राख नळीत चिकटते, दमट हवेत ती लोखंड खाते. वेळच्या वेळी धुतली नाही तर नळी सडते. नळीची किंमत कुठल्या वहीत लिहिता?

शिवाय एक बार झाला की पुन्हा ठासेपर्यंत कळप पलीकडच्या बांधावर. अंधारात, पावसात, हातात विजेरी धरून ठासणाऱ्याला विचारा तो किती वेळ लागतो ते.

आणि खरी भीती पुढेच आहे. चांगली दारू आणि केपा परवाना असलेल्या दुकानातूनच घ्यायच्या, परवान्यावर नोंद करून. ती दुकानं लांब आणि माल कधी असतो, कधी नसतो. मग माणूस काय करतो? फटाके सोलतो. काड्यापेटीचं गूल खरवडतो. कुणीतरी कुठूनतरी आणलेली बिनधुराची दारू काळ्या दारूच्या मापाने भरतो. या शेवटच्या प्रकारात नळी फुटते आणि ती फुटते ती तोंडाजवळ. एका बोटाची किंमत, एका डोळ्याची किंमत या हिशोबात किती धरायची? २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कार्बाइडच्या पाइपच्या बंदुकांनी पोरांच्या डोळ्यांना इजा झाल्या. ते पाइप शेतातली माकडं आणि डुकरं पळवायला वापरतात तेच. स्वस्तात आवाज काढायची हौस कुठे जाते ते तेव्हा सगळ्या देशाने पाहिलं.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे डुकरांसाठी ठेवलेले गावठी बॉम्ब. जनावर चावलं की फुटतात. डुक्कर आणि गाय यांतला फरक त्यांना कळत नाही, कुत्रा आणि गुराख्याचा पाय यांतलाही नाही. हा धंदा बेकायदेशीर आहे आणि नीच आहे. पण तो कुठून येतो ते बघायला हवं. ज्याला सरळ मार्गाने परवडणारं साधन मिळत नाही त्याच्यातलाच एखादा तिथे पोचतो.

जुन्या लोकांची एक बाजूही मांडतो. काही घरांत पितळी काडतुसं अजून सापडतात. जुने शिकारी ती घरी भरायचे, पुठ्ठ्याचे डाट कापून. त्या काळी ते शहाणपणाचं होतं. काडतूस विलायतेहून यायचं, महाग असायचं, पितळी टरफल वर्षानुवर्षं टिकायचं. आज बारा बोअरची काडतुसं आपल्याच राज्यात होतात. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. "शक्तिमान" काडतुसं तिथलीच. २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या केल्या, त्यातली म्युनिशन्स इंडिया ही खडकी आणि वरणगावचे कारखाने चालवते आणि तिचं मुख्यालय पुण्यात आहे. म्हणजे माल घाटाच्या वरच तयार होतो. तो घाट उतरून पेण-रोह्याच्या शेतकऱ्यापर्यंत रास्त भावात, वेळेवर येत नाही, एवढीच अडचण आहे. ती अडचण गॅरेजमधल्या यंत्राने सुटत नाही.

बार कशासाठी काढतो आपण?

आतापर्यंत सगळा हिशोब "एका बाराला किती" असा केला. पण शेतकऱ्याने हिशोब करायचा तो "एका गुंठ्यातलं भात वाचवायला किती" असा. तो मांडला की काडतुसाची किंमत अगदी बारीक होते.

पहिलं म्हणजे, मारायचा बार आणि पळवायचा बार यात फरक आहे. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणारं जनावर मारायला कलम ११ खाली परवानगी मिळू शकते, पण ती मुख्य वन्यजीव रक्षकाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने लेखी द्यावी लागते. मेलेलं जनावर आपलं होत नाही, सरकारचं. बंदुकीचा परवाना एका खात्याकडे, मारायची परवानगी दुसऱ्याकडे, नुकसानभरपाईचा पंचनामा तिसऱ्या खेपेला. या तिन्ही खेपांचा खर्च काडतुसाच्या किमतीच्या कितीतरी पट आहे.

दुसरं, रात्रीची राखण. माळ्यावर जागून काढलेल्या रात्रीची मजुरी कुणी धरतच नाही. महिना-दीड महिना घरातला एक माणूस रात्री शेतात आणि दिवसा झोपलेला. पोरं कंपनीत किंवा मुंबईला. मग राखणीला उरतात म्हातारे. म्हाताऱ्या हातात, अंधारात, दमट दारूची बंदूक. डुक्कर समजून माणसाला गोळी लागल्याच्या बातम्या कोकणात येतात त्या अशाच रात्रींच्या असतात.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात जास्त खटकतं. निवडणूक. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायला सांगतात. विधानसभेच्या तारखा आठवा. २०१४ ला मतदान १५ ऑक्टोबरला. २०१९ ला आचारसंहिता २१ सप्टेंबरला लागली, मतदान २१ ऑक्टोबरला. २०२४ ला आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, मतदान २० नोव्हेंबरला. तिन्ही वेळा नेमकं भात दुधात येण्यापासून कापणी-मळणीपर्यंतच्या दिवसांत. ज्या महिन्यासाठी म्हणून सरकारने बंदूक दिली त्याच महिन्यात ती सरकारजमा. बंदूक ठाण्यात आणि डुक्कर शेतात. त्या महिन्यात काडतूस फुकट मिळालं तरी काय करायचं त्याचं?

निवडणुकीत शस्त्रं जमा करायला माझा विरोध नाही. ज्याच्यावर गुन्हे आहेत त्याची जरूर घ्या. पण कुणाची घ्यायची हे माणूस बघून ठरवायला जिल्ह्यात छाननी समिती असते. साठीच्या शेतकऱ्याची ठासणीची बंदूक आणि शहरातल्या गुंडाचं पिस्तूल एकाच यादीत सरसकट घालायची काही गरज नाही.

डुकरं आली कुठून?

हा हिशोब इथे संपवला तर अर्धा राहील. धरमतर खाडीच्या काठावर पूर्वी गाव एकत्र येऊन बांध घालायचं आणि राखायचं. पुढे १९७९ चा खारभूमी विकास कायदा आला, बंधारे सरकारी यंत्रणेकडे गेले. यंत्रणा आली, डागडुजी मागे पडली. उधाणाला खांड पडली की पाणी आत, आणि एकदा खारं पाणी मुरलं की भात गेलं. मग त्या जमिनीत कांदळ वाढतं. कांदळ तोडायला बंदी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ ला आदेश दिला आणि २०१८ च्या निकालाने ती पक्की केली. किनारा वाचायचा तर ती हवीच, त्यावर वाद नाही.

पण काठावरच्या शेतकऱ्याच्या बाजूने बघा. एका हंगामात त्याचं शेत बुडालं. पुढच्या काही वर्षांत तिथे दाट रान झालं. आता त्या रानात दिवसा डुकरं बसतात आणि रात्री शेजारच्या उरलेल्या शेतात येतात. तिकडे रोह्याच्या बाजूला फणसाडचं जंगल, १९८६ पासून अभयारण्य. तिथलं जनावर वाढलं ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्याचं जेवणाचं ताट आमच्या बांधावर मांडलंय. बंधारा फुटला ती चूक शेतकऱ्याची नाही. कांदळ राखायचं ते सगळ्यांसाठी. रानडुक्कर राखायचं ते सगळ्यांसाठी. मग राखणीचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या खिशातून का?

इथे तो नेमबाज आठवा. त्याच्या गोळ्यांचा खर्च परवडत नाही तेव्हा त्याला कुणी "घरी भर" असं सांगत नाही. मागे संघटना उभी राहते. भाताच्या राखणदाराला मात्र कायदाच सांगतो, ठासून घे.

मग मागायचं काय?

बंदुका वाटा असं मी म्हणत नाही. गावात जितक्या कमी बंदुका तितकं बरं, या मताचा मी आहे. पण ज्यांना सरकारनेच परवाना दिलाय त्यांच्यासाठी पाच मागण्या सरळ आहेत.

१. पेण आणि रोहा तालुक्यात, शेती संरक्षणाच्या परवानाधारकांना हंगामाआधी कारखान्यात तयार झालेली काडतुसं, चांगली दारू आणि केपा रास्त भावात मिळण्याची सोय करा. महिन्यातून एक दिवस, पोलिसांच्या समोर, परवान्यावर नोंद करून द्या. चोरवाट आपोआप अरुंद होईल.

२. कलम १३ मधली सवलत वापरा. जुन्या, झिजलेल्या ठासणीच्या बंदुकांची तपासणी करा. धोक्याच्या असतील त्या जमा करा आणि खरी गरज असेल तिथे सुरक्षित बंदूक द्या. संख्या तेवढीच राहील, फुटणाऱ्या नळ्या कमी होतील.

३. भाताच्या हंगामात आचारसंहिता आली तर छाननी समितीने शेती संरक्षणाच्या परवान्यांचा विचार वेगळा करावा. बंदूक जमा करायचीच असेल तर त्या काळात वनखात्याने गस्त घालावी.

४. वनखात्याची परवानगी, पंचनामा आणि भरपाई यांसाठी हंगामात एकच खिडकी. मारायची वेळ आलीच तर ते काम प्रशिक्षित माणसांनी करावं, अंधारात म्हाताऱ्यांनी नव्हे.

५. सगळ्यात महत्त्वाचं, खारबंदिस्ती दुरुस्त करा आणि काठाच्या शेतांना सौर कुंपण द्या. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत कुंपणाला अनुदान आहे, पण तिचा भर व्याघ्र प्रकल्प आणि अभयारण्यांच्या शेजारच्या गावांवर. खारेपाटातल्या कांदळालगतच्या गावांनाही त्यात घ्या. चांगलं कुंपण असेल तर वर्षाला २५ बारांऐवजी दोनसुद्धा काढावे लागणार नाहीत. काडतुसात पैसे वाचवायचा हा एकच खात्रीचा मार्ग मला दिसतो.

गावाच्या बाजूनेही एक गोष्ट करता येईल. पूर्वी बांध सगळे मिळून राखायचे, तशी राखणही मिळून करता येते. पाच-सहा शेतकऱ्यांनी लागून असलेली शेतं एकत्र राखली, पाळ्या लावल्या, तर प्रत्येकाला आठवड्यातून एक-दोनच रात्री जागावं लागेल. रोज रात्री प्रत्येकाने आपापल्या बांधावर आपापला बार काढायची गरज नाही.

तर चहाच्या टपरीवरच्या त्या मित्राला माझं सांगणं एवढंच: व्हिडिओतल्या माणसाकडे हजारो काडतुसांचा खेळ आहे, दुकान रस्त्यापलीकडे आहे आणि त्याच्या देशात हे करायला कायद्याची आडकाठी नाही. तुझ्याकडे दोन एकर भात आहे, दमट हवा आहे आणि ७ वर्षांचं कलम आहे. त्याचा हिशोब त्याचा, तुझा तुझा. यंत्राला पैसे घालण्यापेक्षा ग्रामसभेत वरच्या पाचपैकी एका मागणीचा ठराव मांड. अनुमोदन मी देतो.

माझ्या हिशोबात कुठे चूक असेल तर कमेंटमध्ये आकड्यांसकट दाखवा. ज्यांच्याकडे काडतुसांच्या, दारूच्या, प्रवासाच्या पावत्या असतील त्यांनी आपापला खर्च लिहा, एकत्र मांडून तहसीलदार साहेबांकडे देऊ. फक्त कृपा करून कुणी व्हिडिओची लिंक टाकू नका.